फरशी ओली आहे

प्रिय बुटक्या,

दारातून येताना तुला वाकावं लागतं, तरी माझ्यासाठी तू बुटक्याच. पत्र बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास की ‘आई, मीटिंगमध्ये आहे’ म्हणून ठेवून देतोस. पत्राला मीटिंग सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीतच सुटली, तेव्हा चुका काढत बसू नकोस, नुसतं वाच. ऑफिसच्या खाकी पाकिटात घालून टेम्पोवाल्याकडे देतेय. त्याने विचारलं तर सांगेन, साहेबांचं काम आहे, तू गाडी चालव.

तुझे बाबा बरे आहेत. गुडघा कुरकुरतो आणि तेही त्याच्याबरोबर कुरकुरतात. पण महिनाभर त्यांची छाती नुसती फुगलेली आहे. न्हाव्याकडे गेले की सुरू, माझ्या पोराने अख्खी कंपनी वाचवली. न्हाव्याने परवा सांगितलं म्हणे, काका, कंपनी वाचली, आता कान वाचवायचा असेल तर मान हलवू नका. मी ऐकते आणि भांडी जरा जोरात आपटते. त्यांना वाटतं, हिला कौतुकच नाही कशाचं. वाटू दे.

मागच्या खेपेला तू आला होतास तेव्हा ओट्यावर माझे सगळे डबे ओळीने मांडले होतेस, आठवतं? मी ओरडले, आवरणार कोण? तू म्हणालास, थांब गं, माझं काम सांगतो तुला. एकेक डबा म्हणजे कंपनीची एकेक शाखा. प्रत्येक डब्यात एकच यादी: कोण माणसं, कुणाला कुठलं दार उघडायचं, कुणाला कुठलं मशीन. हेडऑफिसच्या डब्यात कोणाचं नाव घातलं की बाकीचे डबे आपापले ते उतरवून घेतात. जवळचे लगेच घेतात. मी झाडते-पुसते ती आमची शाखा लांब, लाइन हळू, म्हणून ती सगळ्यात शेवटी. मी विचारलं, आणि चुकीचं काही घातलं तर? तू हसलास. म्हणालास, आई, चूकसुद्धा तेवढ्याच इमानाने उतरवतात. तेव्हा मीही हसले.

दुसरंही एक सांगितलं होतंस. तुमच्या मोठ्या कंपनीने आमची छोटी कंपनी घेतली तेव्हा दोघांच्या याद्या वेगळ्या होत्या; तुमच्या यादीचा डबा आमच्या शाखेत तेव्हाच आणून ठेवलात. एकमेकांची माणसं ओळखायची का नाही हे ठरवायचं काम तुझ्याकडे आलं. तू म्हणालास, सध्या एकतर्फी ठेवलंय. हेडऑफिसच्या माणसांवर शाखेच्या दारांनी विश्वास ठेवायचा, शाखेच्या माणसांवर हेडऑफिसच्या दारांनी नाही. म्हटलं, हे कुठलं शहाणपण? तर म्हणे पद्धतच आहे, आधी तपासायचं, मग उघडायचं. बरं बाबा. नंतर तू विसरलेला चार्जर द्यायला मी हेडऑफिसला आले, तेव्हा माझं कार्ड लावलं आणि दाराने लाल डोळा वटारला. तुमच्या वॉचमनने मला कुंडीशेजारी बसवलं. तू खाली आलास, चार्जर घेतलास, आणि माझ्या कानाशी म्हणालास, माझी नोकरी पक्की होईपर्यंत कोणाला नातं सांगू नकोस, लोक वशिला म्हणतील. मी हो म्हटलं. इथे शाखेत आपलं नातं फक्त माझ्याबरोबर झाडणाऱ्या जाडीला माहीत आहे, आणि तिच्या पोटातून काही बाहेर पडत नाही.

आता त्या सकाळचं. तू म्हणशील, मला माहीत आहे, परत कशाला सांगतेस. कारण तुला तुझ्याकडचं माहीत आहे. माझ्याकडचं तू विचारलंच नाहीस.

मी व्हरांडा पुसत होते. फोन वाजला. कामाच्या वेळेला तू कधी फोन करत नाहीस, म्हणून ओल्या हातानेच उचलला. तुझा आवाज लहानपणी ताप चढायचा तेव्हासारखा. आई, मी पुसलं. सगळ्यांना पुसलं. अख्खा विभागच्या विभाग यादीतून गेला आणि आता एकेका शाखेतून पुसला जातोय. तुमच्याकडे अजून पोचलं नसेल. मशीनच्या खोलीत जा. भिंतीतून येणारी जाडी निळी वायर, ती उपट. मी का म्हणून विचारलं नाही. बादली तशीच टाकली, चावी काढली, वायर दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. तू म्हणालास, आता मी येईपर्यंत कोणाला आत सोडू नकोस. मी दार लावलं, स्टूल टाकलं, पुढे ‘फरशी ओली आहे’ची पिवळी पाटी ठेवली आणि वर बसले.

पहिल्यांदा मेल बंद पडले म्हणून मुली आल्या. म्हटलं, फरशी ओली आहे. मग आपला कडक इस्त्री आला, शाखेचा साहेब. हेडऑफिसचा काही पत्ताच लागत नाही, मला आत बघू द्या. म्हटलं, साहेब, घसराल. तो म्हणाला, एवढा वेळ फरशी वाळत नाही का? म्हटलं, माझी फरशी आहे, मला माहीत ती कधी वाळते. जाडी लांबून तोंडाला पदर लावून हसत होती. हसू मलाही येत होतं, पण मी स्टूल सोडलं नाही. तिकडे तुमच्या लोकांची कार्डं कुठल्याच दाराला ओळखीची राहिली नव्हती, मशीनं उघडत नव्हती, आणि सगळ्यांची नावं शाबूत असलेला एकच डबा माझ्या पाठीमागे घूं घूं करत होता.

दुपारी तू आलास. बरोबर दोघं होते, गळ्यात पट्टे घातलेले. मी उठून उभी राहिले. शर्ट घामाने चिकटला होता तुझा, सकाळपासून पोटात काही नसेल हे मला लांबूनच कळलं. आणि तू माझ्याकडे न बघता म्हणालास, मावशी, जरा बाजूला व्हा.

मी बाजूला झाले. स्टूल सरकवलं, पाटी उचलली. तुझी अडचण मला कळली नाही असं नाही. ऑफिसात झाडणाऱ्या बाईला सगळेच मावशी म्हणतात, कडक इस्त्रीसुद्धा म्हणतो, मला त्याचं कधी काही वाटलं नाही. तुझ्या तोंडून ऐकलं आणि हातातली पाटी जड झाली, एवढंच. संध्याकाळपर्यंत तू आमच्या डब्यातली नावं सगळीकडे परत पाठवलीस, टाळ्या झाल्या, साहेबाने तुझ्यासाठी गाडी काढली. जाताना तू मागे वळून बघशील म्हणून मी फाटकाजवळची पायरी दोनदा झाडली.

आता पुढचं, जे तुला कोणी सांगितलं नसेल. किंवा सांगितलं असेल आणि म्हणूनच तू फोन उचलत नसशील. तुमच्या अहवालात आलंय की नावं मशीनच्या दोषाने गेली, आणि सफाईवाल्या बाईच्या हलगर्जीपणाने वायर सुटली होती म्हणून नशिबाने एक शाखा वाचली. हलगर्जीपणा! मी दोन्ही हातांनी ओढली होती. व्हरांड्याच्या कॅमेऱ्यात मी आत जाताना दिसले. कडक इस्त्रीने विचारलं, वायर तुम्हीच काढलीत? म्हटलं, मीच काढली. का? त्यावर मी झाडू उचलला. खोटं मला जमत नाही आणि खरं तुझं होतं.

माझ्या एकटीवर शेकलं असतं तर मी गिळून टाकलं असतं, शपथ घेऊन सांगते. पण हेडऑफिसचं म्हणणं असं की अशा बायका मशीनजवळ नकोतच. आमची सगळी टोळी काढून दुसरा ठेकेदार आणायचा घाट घातलाय. जाडीने मला एका शब्दाने काही म्हटलं नाही. रोज डब्यातलं अर्धं मला देते आणि दुसरीकडे बघत जेवते. तिचा नवरा घरी बसलेला, तुला माहीत आहे. बाकीच्या बायकांना तर काय झालं तेही धड ठाऊक नाही. त्या मला विचारतात, बाई, तू असं केलंसच का? आणि मी भिंतीकडे बघते. माझ्यासारखी तोंडाळ बाई, महिनाभर भिंतीकडे बघतेय.

तू पुसलंस त्याचा मला राग नाही, हे नीट वाच. हात चुकतो. माझ्याच हातून किती बरण्या फुटल्या, तू मोजायचास. त्या सकाळी घाबरलास आणि आईला फोन केलास, ते मला अजून आवडतं. पण चूक झाल्यावर पळत जाऊन वायर उपटायला सांगणारा पोरगा एक, आणि दुसऱ्याच्या नावावर अहवाल जाताना बघत बसणारा एक. त्यातला पहिला माझ्या घरात वाढला. दुसऱ्याची ओळख मला पटत नाही.

म्हणून हे पत्र. सोमवारी चौकशीला हेडऑफिसचा माणूस येणार आहे. मला समोर बसवून विचारणार, वायर कोणाच्या सांगण्यावरून काढली. मी सांगणार. तुझं नाव, तुझा फोन, तू काय बोललास ते सगळं. तुला न कळवता सांगितलं असतं तर माझ्याच्याने तुझ्याकडे बघवलं नसतं, म्हणून आधी कळवतेय. मधे शनिवार-रविवार आहे. सोमवारच्या आत तू तुझ्या साहेबाकडे जा आणि स्वतः सांग. ओरडतील, कदाचित काढतीलही. घर आहे, ओटा आहे, डबे आहेत. बाबांना मी सांभाळेन, न्हाव्याला ते सांभाळतील. आणि त्या माणसाबरोबर तूही ये. सोमवारी मी दारातच असेन. फरशी कोरडी ठेवते. सरळ चालत ये, सगळ्यांसमोर मला हाक मार, आणि कोण म्हणून मारायची ते या खालच्या शब्दात बघून घे.

तुझीच,
आई