परिंड्याचं पाणी

तिलक नगर, जयपूर
२० एप्रिल २००९

चि. रेवती,

शेजारच्या विशालने आपल्या गच्चीतल्या परिंड्यावर कॅमेरा लावून दिलाय. परिंडा म्हणजे तेच पाखरांच्या पाण्याचं मातीचं भांडं. रेल्वे क्वार्टरमध्ये तू माझ्या गार्डच्या पेटीवर चढून ते भरायचीस, निम्मं पाणी माझ्या युनिफॉर्मवर सांडायचीस आणि मी ओरडायचो.

तुझ्या लग्नाला मी आलो नाही. अमेरिकेहून तू केलेले फोनही उचलले नाहीत. तीन उन्हाळे झाले.

कॅमेऱ्यातलं चित्र कॉम्प्युटरवर कुठेही दिसतं. तुला त्याचा पत्ता विशालने कळवला होता. चित्राखाली पाहणाऱ्यांचा आकडा येतो. महिनाभर तिथे ‘एक’ होतं. मला वाटलं, तूच. कॅमेऱ्यात माझा फक्त हात दिसतो, तरी बुलबुल यायच्या आधी मी रोज दाढी करून पाणी घालायला जायचो.

परवा विशाल म्हणाला, “काका, तो एक म्हणजे तुम्हीच. तुमचा कॉम्प्युटरही त्यात मोजला जातो.”

दुसऱ्या दिवशी पाणी घातलं. दाढी केली नाही.

आज शेवटी माफी मागायला हे पत्र घेऊन बसलो, तर आकडा ‘दोन’ झालेला. विशालला फोन लावला. तो बस्सीच्या रस्त्यावर मोटरसायकलवर होता, म्हणजे दुसरा तो नव्हे.

मी गच्चीत गेलो. भांडं काठोकाठ भरलेलं होतं, तरी पुन्हा ओतलं. सगळं बाहीवर सांडलं. खाली येऊन पाहिलं, अजूनही ‘दोन’.

पत्र टाकत नाही आता. उद्या दाढी करून कॅमेऱ्यासमोर येतो.

तुझा,
बाबा