कापलेले जोड

३ तारीख, सोमवार

आज पुन्हा कापले. चार जोड. बाबा जेवायला घरी गेले तसा दुकानात आलेल्या गाडीचा स्टिरिओ बाहेर ओढला, मागची टेप सोडवली, त्यांनी सोल्डर केलेली टोकं कापून टाकली आणि माझ्या पकडीने दाबून क्रिंप केलं. वर स्लीव्हची नळी, त्यावर पुन्हा टेप. बाबा चारला परत आले तेव्हा मी रेडिओ लावून बसले होते. अगदी साळसूद!

सहा महिने झाले, बाबांचा उजवा हात थरथरतो. वितळलेलं सोल्डर गार होईपर्यंत तार हलू द्यायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं. आता त्यांचीच हलते. पूर्वी चकचकीत यायचा तो जोड आता राखाडी, खरखरीत गोळा होऊन बसतो. जरा ओढला की निसटतो. आणि गाडी म्हटल्यावर दिवसभर हादरे.

शिवाय तार वाया घालवायला लागलेत. प्रत्येक जोडाला वीतभर जास्त सोडतात. एके काळी मी बोटभर तुकडा टाकला तरी डोळे वटारायचे. वय झालं, दुसरं काय!

कापलेले जोड काउंटरखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकते. फेकवत नाहीत.

४ तारीख, मंगळवार

दादाचा फोन. ‘स्पष्ट सांगून टाक. बाबांना घरी बसव.’ लांब राहून सांगायला काय जातं याचं? आई गेल्यापासून बाबा सकाळी उठतात ते दुकानासाठी. घरी बसवलं तर महिन्याभरात खचतील. ते मला बघायचं आहे, दादाला नाही.

पण असं चोरून किती दिवस करणार? आज उगाच स्क्रूंचे डबे तीनदा लावले, तीनदा ओतले.

६ तारीख, गुरुवार

एक गिऱ्हाईक व्हिडिओ बघून आलेलं. ‘सोल्डर करणार की क्रिंप?’ झालं! बाबांना तेवढंच हवं होतं.

‘तार दाबायची म्हणजे काय? लिंबू आहे का ते?’

गिऱ्हाईक हसलं. मीही हसले. मग मी त्याला समजावलं – सोल्डर तारेत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो, आणि गाडी हादरली की जिथे कडक संपतं आणि मऊ सुरू होतं तिथेच तार तुटते. क्रिंपमध्ये तसं होत नाही.

‘आणि तुझ्या मगरीने नीट चावलं नाही तर?’ बाबा म्हणाले. माझ्या पकडीला ते मगर म्हणतात.

‘नीटच चावते.’

‘बरं.’

हे त्यांचं ‘बरं’ मला आवडत नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

८ तारीख, शनिवार

एकही गाडी नाही. बाबा सोल्डरगनचं टोक घासत बसले. मी मगरीला तेल दिलं. पूर्ण दिवसात दहा वाक्यं बोललो असू.

११ तारीख, मंगळवार



व्हॅनवाल्या ताई आल्या. शाळेच्या मुलांची ने-आण करतात. दोन महिन्यांपूर्वी आम्हीच त्यांच्या व्हॅनला अ‍ॅम्प्लिफायर बसवला होता. म्हणाल्या, ‘स्पीड ब्रेकर आला की गाणं बंद पडतं. मुलं ओरडतात. आणि अगं, दोन दिवस काहीतरी जळल्याचा वास येतोय.’

बॉनेट उघडलं. बॅटरीजवळ फ्यूजला जाणारी जाड केबल, तिच्या टोकाला बोल्टमध्ये अडकवायचं तांब्याचं थिंबल. त्यावरची स्लीव्ह वितळून चिकटलेली. फ्यूज शाबूत! उडणार कसा – करंट जास्त नव्हताच, जोडच सैल पडून तापत होता. अजून आठवडाभर असं चाललं असतं तर? मागे चौदा मुलं असतात. धाकटी तर झोपलेली असतात, ताई सांगत होत्या.

तो जोड मी केलेला. बाबांनी नाही. मी.

ताईंना म्हटलं, नवीन केबल टाकेपर्यंत अ‍ॅम्प बंद. त्या ‘ठीक आहे गं’ म्हणून गेल्यासुद्धा. किती सहज विश्वास ठेवतात माणसं.

१२ तारीख, बुधवार

बाबा जेवायला गेल्यावर तो जोड हॅक्सॉने उभा कापला. कशासाठी कापला? दोष दुसऱ्या कशात तरी निघावा म्हणून. लिहायला लाज वाटते, पण खरं तेच.

थिंबल पंचवीस मापाचं. त्यावर दाबाची खूण पस्तीसच्या डायची, मगरीच्या मोठ्या जबड्याची. आठवलं. त्या दिवशी सकाळच्या गाडीला जास्त जाड केबल होती, मोठी डाय लावली होती, ती बदलायची राहिली. म्हणजे मगरीने नुसतं तोंड लावलं, चावलीच नाही.

पण आत सोल्डर आहे! मी घातलेलं नाही. आणि स्लीव्हचा न जळलेला तुकडा लाल. मी काळी वापरते. लाल बाबा वापरतात.

म्हणजे माझ्या पाठीमागे बाबांनी माझा जोड उघडला. त्यांचं सोल्डर केबलमध्ये वर चढलं, आणि ते संपतं त्याच रेघेवर अर्ध्याहून जास्त तारा तुटल्यात. उरलेल्या तापत होत्या.

आधी राग आला. किती आला! मग काउंटरखालच्या डब्याकडे लक्ष गेलं.

१३ तारीख, गुरुवार

कापलेलं थिंबल खिशात. दिवसभर नुसती दुकानाच्या आत-बाहेर.

१४ तारीख, शुक्रवार

कापलेलं थिंबल बाबांपुढे ठेवलं. त्यांनी खिडकीशी नेलं, चष्मा वर केला, बराच वेळ फिरवून पाहिलं.

‘माझं आहे,’ म्हणाले. ‘त्या दिवशी तू ताईंना बटणं समजावत होतीस. मी सहज ओढून पाहिलं तर थिंबल हातात आलं. मग भरलं सोल्डर.’

‘मला हाक का नाही मारली?’

‘ताईंपुढे? “तुमच्या गाडीचा जोड निघाला, थांबा जरा” असं म्हणू? ही मगर आणल्यापासून तू किती खूश होतीस.’

‘बाबा, मागे मुलं बसतात.’

ते खाली बसले. हात मांडीवर दाबून धरला, थरथर दिसू नये म्हणून. ‘हो,’ म्हणाले. ‘सांगायला हवं होतं. तुझा जोड तुझ्याकडूनच पुन्हा करून घ्यायला हवा होता.’

तीच वेळ होती माझं सांगायची. समोर आयती होती. आणि मी काय केलं? चहा टाकला.

१५ तारीख, शनिवार

ताईंच्या व्हॅनला नवीन केबल. डाय दोनदा तपासली. क्रिंप करून थिंबल बाबांच्या हातात दिलं. त्यांनी पाय रोवून, दात आवळून ओढलं. हललं नाही. ‘चावली,’ म्हणाले.

डाय चुकली त्या आठवड्यातल्या बाकीच्या तीन गाड्याही बोलावून घेतल्या. दोन ठीक. तिसरी उद्या सकाळी येते. आता प्रत्येक गाडीचा प्रत्येक जोड दुसऱ्याने ओढून पाहायचा, असं बाबांनीच ठरवलं. ‘तुझा मी, माझा तू.’ मी मान डोलावली.

माझा तू! त्यांचा जोड ओढला तर तो निसटणार, त्यांच्या डोळ्यांसमोर. सोमवारी दोन गाड्या आहेत. त्याआधी सांगायलाच हवं. 

१६ तारीख, रविवार

तिसरी गाडीही ठीक. आज सांगणार होते. नाही सांगितलं.

१७ तारीख, सोमवार

सांगितलं. दुकान उघडल्या उघडल्या, शटर पुरतं वर जायच्या आतच. बाबा, सहा महिने मी तुमचे जोड कापतेय. डबासुद्धा पुढे केला.

त्यांनी आत पाहिलंही नाही. तारेचं बंडल खांद्यावरून उतरवत म्हणाले, ‘ठाऊक आहे. म्हणून तर वीतभर जास्त सोडतो. कापल्यावर तुला कमी पडायला नको.’

खरंच. एकदाही तार कमी पडली नव्हती.