काय थांबवायचं आहे?

सोमवार, ३
देवाच्या कृपेने डोक्यावर छप्पर आलं. हे गेल्यापासून सासूबाईंना घेऊन मी या दारातून त्या दारी फिरत होते. आता भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरांनी, वसाहतीच्या दुरुस्ती कचेरीत मला चिकटवलं आणि कचेरीमागची खोलीही मिळवून दिली. आधी देवांची फळी लावली, मग शेगडी. सासूबाई चालू शकत नाहीत, त्यांची खाट खिडकीशी. भिंतीपलीकडे मिस्त्रीची शेड.

काम मॅट्रिकवालीला झेपेल असंच. चाळीस इमारतींतले रहिवासी ईमेलने तक्रारी पाठवतात. भाऊजींनी मेलचा सर्व्हर असा बसवलाय की आलेलं प्रत्येक पत्र 'आलेली' नावाच्या कप्प्यात वेगळं साठतं. मग एक प्रोग्राम त्यातल्या दोनच गोष्टी उचलून कागदावर छापतो: घर कुठलं, आणि काय थांबवायचं आहे. गळती, करकर, वास, हीच इथली रडगाणी. तो कागद मी वाचून सही केली की शेडमधल्या यंत्रातून मिस्त्रीला चिठ्ठी मिळते.

चाचणीसाठी भाऊजी म्हणाले, वहिनी, पहिली तक्रार तुमचीच होऊन जाऊ दे. सुचेना, म्हणून गमतीत लिहिलं: घर, कचेरीमागची खोली. काय थांबवायचं, सासूबाईंचा खोकला. तिघंही पोट धरून हसलो. सासूबाई तर हसता हसता खोकल्या. सही अर्थातच केली नाही.

गुरुवार, ६
मिस्त्री पाहिला. उंच, मान खाली, तोंडातून शब्द नाही. बारा नंबरातल्या चिठ्ठीत 'भिंतीतलं पाणी' होतं. त्याने घणाने अर्धी भिंत आडवी केली, पाइप दाबला आणि विटांचा ढीग ओलांडून निघून गेला. राडा आवरायचं चिठ्ठीत नव्हतं ना! सासूबाई म्हणतात, एवढा सांगकाम्या नवरा मिळता तर माझ्या संसाराचं सोनं झालं असतं.

निम्म्या तक्रारी दुरुस्तीच्या नसतातच. कुणाचा कुत्रा, कुणाची शेजारीण. लोक मनातली आग ओकतात आणि मोकळे होतात. असल्या कागदांवर मी सही करत नाही. ती पत्रं कप्प्यात पडून राहतात.

मंगळवार, ११
एकेका पत्राला दोन-दोन कागद! लक्ष्मीची अशी नासाडी बघवत नाही. भाऊजींना म्हटलं, माझी सही एकदाच यंत्रात घालून ठेवा, चिठ्ठी थेट निघू दे. नको ती पत्रं मी पडद्यावरच पुसत जाईन. ते म्हणाले, वहिनी, तुम्ही तर मालकाच्याही वरताण. संध्याकाळच्या आत बसवून दिलं.

बुधवार, १२
सव्वीस नंबरातला कुत्रा. घणाचा एकच घाव, पायरीवर सगळा मेंदू. कानात खिळा ठोकून चिठ्ठी लावलेली: 'कुत्र्याचं भुंकणं'. खाली माझी सही.

हे पत्र मी परवाच बाजूला ठेवलं होतं. भाऊजींना फोन केला. त्यांनी सर्व्हर उघडून पाहिला. मग म्हणाले, पत्रं सहीसाठी अडली होती. सही आपोआप झाली, तशी प्रोग्रामने साठलेली सगळीच काढली, ताज्या पत्रापासून मागे मागे. मी म्हटलं, बंद करा. त्यांनी प्रोग्राम बंद केला. शेडमध्ये जाऊन पाहिलं, तर यंत्रात कोरा कागद एकही नाही. छापलेला गठ्ठाही नाही. घणही नाही.

ताज्या पत्रापासून मागे. म्हणजे माझं पत्र सगळ्यात शेवटी.

गुरुवार, १३
नऊ नंबरातली गाणं शिकवणारी बाई. 'सकाळचं गाणं'. जबडा तीन ठिकाणी फुटला, दात जिन्यावर पसरले होते. जगेल म्हणतात. गाणार नाही.

पोलिसांनी चिठ्ठी पुढे धरून विचारलं, सही कुणाची? माझीच. सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, बाई, कागद वाचवायला निघालात आणि माणसाच्या जिवावर उठलात.

मिस्त्री सापडत नाही.

शुक्रवार, १४
सकाळी एकतीस नंबर. 'वरच्या मजल्यावरची पावलं'. दोन्ही घोट्यांचा चुरा.

दुपारी सतरा. 'नवऱ्याचं घोरणं'. बायकोनेच लिहिलं होतं, थट्टेत. भाजी घेऊन परत आली तर उशीवर तोंड कुठलं नि डोकं कुठलं, कळत नव्हतं. माझे हात धरून एकच म्हणत होती, अहो, मी हसत लिहिलं होतं हो.

मीही हसतच लिहिलं होतं.

कप्पा तपासला. माझ्या पत्राच्या अलीकडे आता दोनच.

शनिवार, १५, सकाळ
दोन्ही झाली. लिहवत नाही.

भाऊजी रुग्णवाहिका आणायला गेलेत. दाराशी पोलीस शिपाई आहे. सासूबाईंना काढा दिला, मध चाटवला. खोकला थांबत नाही. त्या विचारतात, काय गं, सारखी दाराकडे का बघतेस? सांगितलं नाही.

शनिवार, दुपार
भिंतीत घाव.

शेडकडून. शेडला आतून कडी लावलीय. शिपाई बाहेरून लोखंडी दार तोडायला गेलाय, दार हलत नाही —

सासूबाई खोकल्या की घाव. खोकल्या नाहीत की शांत. तो ऐकतोय.

एक वीट आत पडली. देवांची फळी कोसळली. खाट एकटीने ओढवत नाही —

थांबवायचा तो खोकलाच ना. थांबलाच तर त्याचं काम उरणार नाही. सासूबाई, थोडा वेळ, फक्त थोडा वेळ, तोंड दाबून धरते —

एका हाताने लिहितेय. लिहिलं नाही तर किंचाळेन. दुसरा हात उशीवर. देवा, देवा, देवा —

घाव थांबले.

खोकला नाही. घाव नाही. भोकातून त्याचा डोळा दिसला. मग बोटं. एक चिठ्ठी आत सरकवली. पावलं लांब गेली. गेला! सासूबाई, गेला तो —

चिठ्ठीवर 'झाले' लिहिलंय. खाली माझी सही —

सासूबाई, उशी काढली हो मी. आता खोका. खोका ना, सासूबाई —