पाठीमागची चंद्रकोर

प्रिय भिंगोबा,

सप्रेम नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? (की डावा? मागच्या पत्रात डावा होता, त्याआधीच्या पत्रात उजवा. दोन्ही असतील तर मोकळेपणानं लिही, मी काही परका नाही.) जिने चढू नकोस आणि उंचावर उभं राहणं टाळ. इकडे सर्व खुशाल असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणजे गेले पाच दिवस माझं बूड एका जागी ठरत नाही. हे पत्र सुरू केल्यापासून तीनदा उठून झालं. एकदा दाराची कडी बघायला, एकदा पोस्ट किती वाजता बंद होतं ते विचारायला, आणि तिसऱ्यांदा कशाला उठलो ते खुर्चीपर्यंत परत येईस्तोवर विसरलो.

तुला ठाऊकच आहे, आमची सूनबाई (म्हणजे तुझीच विद्यार्थिनी, तू फळा पुसायच्या आत सगळं वहीत उतरवून घेणारी) गेली चार वर्षं एक पुस्तक लिहिते आहे. भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र पहिल्यांदाच शिकायला बसणाऱ्या मुलांसाठी, अगदी पहिल्या पायरीचं. तिचं म्हणणं असं की मुलं हुशार असतात, पण पहिलंच पुस्तक असं हातात पडतं की ती जन्मभर आकाशाकडे पाठ फिरवतात. (हे वाक्य लक्षात ठेव, पुढे माझ्या अंगावर येणार आहे.) तर ते पुस्तक प्रकाशकानं परत पाठवलं. सोबत चिठ्ठी, की मजकूर अचूक आहे पण भाषा कोरडी आहे, महिनाभरात सुधारून द्या, नाही तर आम्ही दुसरा लेखक बघतो. तीन दिवस ती जेवताना ‘मीठ द्या’ याखेरीज काही बोलली नाही. चौथ्या दिवशी टाइप केलेला गठ्ठा माझ्यापुढे ठेवून म्हणाली, “बाबा, तुम्ही इतकी वर्षं मराठी शिकवलंत. वाक्यं जरा सोपी करून द्याल? मजकुराला मात्र हात लावू नका.” यातलं पहिलं सगळं मी ऐकलं, शेवटचं वाक्य कुठून कुठे गेलं कळलं नाही. निवृत्त झाल्यापासून मला कुणी काम म्हणून सांगितलं नव्हतं रे. भाजी निवडायला देतात, पण ती मागाहून ही पुन्हा निवडते.

मी कंबर कसली. आधी सूनबाईच्या कपाटातली अशीच पहिल्या पायरीची पुस्तकं काढून वाचली, एकूण अकरा. भिंगोबा, तुमच्या शास्त्रातली माणसं फार मजेची. प्रत्येक पुस्तकात एक गृहस्थ दिवसभर भिंत ढकलतो, घामाघूम होतो, आणि लेखक थंडपणे सांगतो की भिंत हलली नाही, सबब त्यानं काहीच कार्य केलं नाही. (हिला वाचून दाखवलं तर म्हणाली, यात नवीन काय, मी हेच तुम्हाला चाळीस वर्षं सांगतेय.) पुढे दर पानावर ‘घर्षण नाही असे समजा’, ‘हवा नाही असे समजा’. एवढं सगळं समजून घेणारी माणसं प्रत्यक्षात कुठे राहतात, त्यांच्या घरी मला चार दिवस जाऊन राहायचं आहे. पण त्या अकरांपैकी एकाही पुस्तकात एक ओळ गुणगुणावीशी वाटली नाही. आपल्या तिसरीच्या वाचनमालेत कशा कविता होत्या! अजून डोळे मिटले की त्या पानाचा वास येतो, आणि कोपऱ्यावरचा तुझा शाईचा डागसुद्धा दिसतो.

तेव्हा मी ठरवलं की हे पुस्तक कोरडं राहता कामा नये. माझी पद्धत तुला माहीत आहे. एका परिच्छेदात एकच शब्द दुसऱ्यांदा आला की मी मुलांच्या वहीत लाल रेघ मारायचो. सूनबाईनं एका परिच्छेदात नऊ वेळा ‘बल’ लिहिलं होतं. मी पहिलं ठेवलं आणि बाकीच्या ठिकाणी शक्ती, ऊर्जा, जोर, ताकद, सामर्थ्य अशी पोरं ओळीनं बसवली. ‘वस्तुमान’ फार रुक्ष वाटलं, तिथे ‘वजन’ केलं. आणि प्रत्येक प्रकरणाच्या तोंडाशी चार-सहा ओळींचं एक निसर्गवर्णन घातलं, माझं स्वतःचं. चंद्राच्या कलांच्या प्रकरणाचं सर्वांत साधलं होतं. सांजवेळ, गुरं घरी परतताहेत, आणि पूर्वेच्या टेकडीआडून नाजूक चंद्रकोर हळूच डोकं वर काढते आहे. हे लिहून झाल्यावर मी स्वतःच दोन वेळा मोठ्यानं वाचलं आणि डोळे पुसले. मग सगळं पुस्तक वळणदार अक्षरात उतरवून काढलं आणि टाइप केलेली पानं फाडली. हो, फाडली. कच्चं फाडा, पक्कं ठेवा, हे मी तीस वर्षं वर्गात सांगत आलो. कच्चं घरात राहिलं की पक्क्याला मान राहत नाही.

आता ऐक. परवाच्या परवा गच्चीत ही वाळलेले कपडे काढत होती आणि मी तिला ते चंद्रकोरीचं वर्णन ऐकवत होतो. चादरीची घडी घालता घालता ती म्हणाली, “अहो, कोर कधी तिकडून येते? मी रोज इथे कपडे काढते. ती तिकडे असते, मावळतीला.” मी हसलो. म्हटलं, अगं, ही कोर मी तिसरीच्या कवितेतून बावीस तुकड्यांना शिकवली आहे. ती म्हणाली, शिकवली असेल, बघितली आहे का? आणि चिमट्यांची पिशवी घेऊन खाली गेली.

म्हणजे आता बघणं आलं. योगायोगानं अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. पहिल्या संध्याकाळी खुर्ची, शाल, चष्मा असा सरंजाम घेऊन पूर्वेकडे तोंड करून बसलो. कोर आली नाही. ढग असतील म्हटलं. (ढग नव्हते.) दुसऱ्या संध्याकाळी खुर्ची दोन हात पुढे घेतली, जणू तेवढ्यानं टेकडी जवळ येणार होती. शेजारचा शिंपी आपल्या गच्चीतून विचारायला लागला की कुणी पाहुणे यायचेत का. मी हो म्हणालो. तिसऱ्या संध्याकाळी अंधार पडत आला, मान आखडली, आणि मागून हिचा आवाज आला, “मागे बघा.” वळलो तर पाण्याच्या टाकीवर, सूर्य बुडाला त्याच बाजूला, कोर टेकलेली. तीही खाली जायला निघालेली. तीन दिवस ती माझ्या पाठीशी होती आणि मी तिची वाट बघत होतो.

खाली येऊन त्या अकरांतलं एक उघडलं. कोर बारीक असते तेव्हा चंद्र आकाशात सूर्याच्या जवळ असतो, म्हणून संध्याकाळी ती सूर्याच्याच मागे मागे मावळते. पूर्वेकडून उगवणारी कोर बघायची तर पहाटे सूर्याच्या आधी उठायला हवं, आणि ती फक्त दूधवाल्याला दिसते. इतकं सरळ. मग मनात आलं, हेच चुकलं असेल तर बाकीचं? बाकीची पुस्तकंही उघडली. बल वेगळं, शक्ती वेगळी, ऊर्जा त्याहून वेगळी, तिघांची आपसांत बोलचालही नाही. सूनबाईनं लिहिलं होतं की चंद्रावर गेलं तरी वस्तुमान तेवढंच राहतं, वजन मात्र घटतं. माझ्या वळणदार अक्षरात आता असं आहे की चंद्रावर वजन तेवढंच राहतं, वजन मात्र घटतं.

प्रकाशकाचा माणूस सोमवारी सकाळी यायचा आहे. मी फाडलेली पानं शोधायला निघालो, तर हिनं त्यातली बरीचशी स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलेली. गुरुत्वाकर्षण डब्यांखाली सापडलं, कढईच्या गोल डागासकट. प्रकाशाचं अर्धं प्रकरण साबणाखाली होतं. चंद्राच्या कलांचा पत्ता नाही. सूनबाईनं काल सहज विचारलं की बाबा, मूळ प्रत आहे ना? मी म्हणालो, घरातच आहे. हे तसं पाहिलं तर खोटं नव्हतं.

आता तुला एक लिहायचं आहे, ते लिहायला हे तीन कागद लागले. तिसरीत गुरुजी वाचनमालेतली ती चंद्रकोरीची कविता शिकवत होते तेव्हा तू हात वर करून विचारलं होतंस की गुरुजी, संध्याकाळची कोर पूर्वेकडून कशी येईल? आमच्या अंगणातून तर ती मावळताना दिसते. गुरुजींनी तुला तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं. वर्ग हसला. सर्वांत मोठ्यानं मी हसलो, कारण मला कविता पाठ होती. नंतर आपण यावर कधी बोललो नाही. तू शास्त्राचा मास्तर झालास, मी भाषेचा. त्रेसष्ट वर्षं झाली, भिंगोबा. तुझं बरोबर होतं.

वहिनींना नमस्कार सांग. चष्म्याचा नंबर तपासून घे.

तुझा,
यमक्या

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. सूनबाईनं आठ महिन्यांपूर्वी अभिप्रायासाठी तुला एक प्रत पाठवली होती. तू अभिप्राय दिला नाहीस, म्हणजे ती तुझ्या पलंगाखाली धूळ खात पडली असणार. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या आळसाचे आभार मानतो. माझ्या समजुतीप्रमाणे जगात आता तेवढीच एक धड प्रत उरली आहे. सोमवारच्या आत माझ्या नावानं पाठव. पाकिटावर ‘औषध’ असं लिही.

आणखी ता. क. पत्र पोस्टात टाकायला निघालो आणि चप्पल घालताना सूनबाई दारात. माझी प्रत मागून घेतली, तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागली. मी सगळं कबूल केलं, साबणाखालच्या प्रकाशासकट. ती शांतपणे म्हणाली, “बाबा, टायपिस्टकडून तीन प्रती काढल्या होत्या. एक माझ्या कपाटात आहे.” तेव्हा वरचं काम रद्द. पाकीट नको, औषध नको. पलंगाखाली हात घालताना तुझी कंबर धरली तर ते पाप माझ्या माथी नको. मग तिनं तो गच्चीवरचा किस्सा दोनदा सांगायला लावला, बाकावरचाही, आणि खोलीत गेली.

शेवटचं ता. क. पाकीट पुन्हा उघडतो आहे. भाषा तिची तीच राहिली, पण चंद्राच्या प्रकरणाच्या शेवटी तिनं एक स्वाध्याय घातला आहे आणि म्हणते, प्रकाशकाला हे कोरडं वाटलं तर बघू. तो असा: (अ) एक आजोबा तीन संध्याकाळी पूर्वेकडे तोंड करून चंद्रकोरीची वाट बघत बसले. ती त्यांना का दिसली नाही? आकृती काढा. (आ) हीच शंका विचारली म्हणून एका मुलाला फार वर्षांपूर्वी बाकावर उभे केले होते. त्याला आता खाली उतरायला सांगाल का? कारण द्या. मी तिला म्हटलं, ‘आजोबा’च्या जागी ‘एक गृहस्थ’ घाल. तर म्हणते, गृहस्थ भिंत ढकलतात, आजोबांनी आकाश बघायचं. तू तिचा सर, तुझा शब्द ती मोडत नाही, तेव्हा तू तिला लिही, एवढीच विनंती करणार होतो. पण राहू दे. आजोबाच बरे वाटतात. (अ)ची आकृती मला अजून जमत नाही. (आ)चं उत्तर मात्र येतं. उतर रे आता खाली. गुडघा सांभाळून.