सुहासदादा, शेजारी

मंगळवार, संध्याकाळ

वागळे इस्टेटमधल्या वकीलबाईंकडे जाऊन आले, पण डोकं अजून ठिकाणावर नाही. नौदलाची कामं करणाऱ्या कंपनीत नोकरी लागलीय, तर सिक्युरिटी क्लिअरन्सवाल्यांनी खुलासा मागितलाय. रेशनकार्डावर तुम्ही एकुलत्या एक, मग परदेशातल्या नातेवाइकांत मस्कतचा सख्खा भाऊ कुठून आला?

मीच लिहिलाय ना! शहाडच्या चाळीतल्या सुहासदादाला लहानपणापासून राखी बांधतेय. बाबांना अग्नीही त्यानेच दिला. मग भाऊ नाही तर काय लिहायचं होतं?

वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "रक्ताचं नातं नाही, शेजारी आहेत, फोनवर बोलणं होतं. खरं तेवढंच लिहा. बाकीचं ते विचारत नाहीयेत."

शेजारी. खोटं कुठे आहे त्यात? तरी सही करताना हात अडला तो अडलाच. कागद तसाच घरी आणला.

आल्या आल्या दादाला फोन केला. तो हसला. "लिही गं बिनधास्त, शेजारी तर शेजारी. नोकरी घालवतेस का?" मग म्हणाला, "फक्त आईला वाचून दाखवू नकोस."

माझ्या आईला तो आईच म्हणतो.