तापला की अडून बसायचा

प्रिय चिमणे,

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं बघून दचकू नकोस. इथे सगळं ठीक आहे. फोनवर तू आधी ट्रॅक्टरची चौकशी करतेस आणि तुझं विचारलं की "मी बरी आहे" म्हणून घाईने ठेवून देतेस, म्हणून आज निवांत लिहायला बसले. ट्रॅक्टर सुधारला. मीच सुधारला म्हटलंस तरी चालेल.

तुझे बाबा गेल्यापासून तो मीच चालवते, पण इतका हट्ट त्याने कधी केला नव्हता. सकाळी एका चावीत सुरू. दुपारी नांगरट थांबवून जेवायला म्हणून बंद केला, की पुन्हा सुरू व्हायचं नाव नाही. पार गार झाला की मात्र शहाण्यासारखा वागायचा. तुझे काका म्हणाले, "वहिनी, म्हातारं इंजिन आहे, सांभाळून घ्या. बंदच करू नका." मग काय, बांधावर बसून घास गिळायचा आणि कान इंजिनाकडे. धूर डोळ्यांत जातोय, डिझेल फुकट जळतंय, पण चावीला हात लावायची सोय नाही. याला सांभाळून घेणं म्हणतात म्हणे.

मिस्त्रीने आधी बॅटरीवर संशय घेतला, मग स्टार्टरवर. स्टार्टर बदलला, तरी पहिले पाढे पंचावन्न. मी त्याला म्हटलं, "अरे, चावी दिली की इंजिन जोरात फिरतंय, पण धुराड्यातून धुराची रेघसुद्धा निघत नाही. डिझेलच आत पोचत नसेल." त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काकू, मग पंप गार करून बघू." बंद इंजिनाच्या डिझेलपंपावर ओलं गोणपाट गुंडाळून आम्ही चहा प्यायलो. मग मी चावी फिरवली आणि पठ्ठ्या लगेच धडधडला. पंप आतून झिजला होता. तापलं की डिझेल पातळ होतं, झिजल्या जागेतून निसटतं, आणि दाबच तयार होत नाही. बिचाऱ्या स्टार्टरला उगाच बोल लावला.

पंप उतरवून दुरुस्त करून आणला. काल भर उन्हात ट्रॅक्टर बंद केला, घरी आले, पाय पसरून जेवले, वर डुलकी काढली. परत जाऊन चावी फिरवली, सुरू. काका बघतच होते. म्हणाले, "आता माझाही जरा बघता का?"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, "माझ्या खोलीत सध्या काय ठेवलंय?" मी बियाण्याची पोती म्हटलं आणि तू हसलीस, पण ते हसू तुझं नव्हतं. मग मागून त्याचा चढलेला आवाज आला आणि फोन बंद झाला. जावयाला अहो-जाहो करायची माझी सवय त्या क्षणी मोडली. मी तुला काही विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर सांग. पोती आज शेडमध्ये हलवली, खोली झाडली, पलंग खिडकीशी सरकवला. लोकांना काय सांगायचं ते मी बघेन, तो माझा प्रांत. तू कपडे आणि तुझी कागदपत्रं तेवढी घे, आणि कुणाची परवानगी मागत बसू नकोस. बसमध्ये बसलीस की फोन कर. मी थांब्यावर उभी असेन.

तुझीच,
आई