नखांचा चौथा डबा

७ नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

समुद्रकाठचा बंगला म्हटलं की तुला हेवा वाटतो ना? मग ऐक. एकही खिडकी धड लागत नाही. वारा घरभर हुंदडतो, गालिच्याला ओल्या कुत्र्याचा वास येतो आणि गणवेशांवर बुरशी चढलीय. देशातून हाकलून दिलेले आमचे महाराज ओव्हरकोट घालून सोफ्यावर बसतात आणि नाक पडद्याला पुसतात. शी!

त्यांची नखं मीच काढते. राजाचं नख परक्या मातीत पडता कामा नये म्हणे, म्हणून अकरा वर्षांची नखं बिस्किटांच्या डब्यांत! परवा चौथा डबा भरला. तो त्यांच्या कपाटात ठेवायचा आणि पाठ न दाखवता उलट्या पावली बाहेर यायचं. आम्हा नोकरांचे पासपोर्टही त्याच कपाटात, निष्ठेची खूण म्हणून. परत जायचं तर सगळ्यांनी मिळूनच, असं ते दरवर्षी सांगतात. जेवताना तो डबा आठवला की तोंडात घास फिरतो.

लोभ आहेच, स्वेटर पाठवलास तर वाढेल.

तुझी ठमी

२० नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

स्वेटर पाठवतोय. तुझं पत्र ऐकून वहिनीने हातातला चहा ओतून दिला.

ओळी वाकड्या आल्यात, हसू नकोस. घड्याळं दुरुस्त करणं बंद केलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फार तर दोन महिने दिसेल. तुझं नाक अजून तेवढंच नकटं आहे का, ते एकदा बघायचं होतं. नाहीच जमलं तर जिवाला लावून घेऊ नकोस.

जप स्वतःला. माया आहेच.

दादा

४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न.

तुझं पत्र महाराजांना वाचून दाखवलं आणि पासपोर्ट मागितला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसरा पाय पुढे केला. म्हणाले, याची नखं राहिलीत.

मला त्यांची किळस आली, पण त्याहून जास्त माझी आली. दादा, त्या कपाटाची किल्ली अकरा वर्षं माझ्याच कमरेला आहे रे! डबे मीच ठेवते ना. पण कधी हात धजला नाही.

कात्री तिथेच टाकली. त्यांच्यादेखत कपाट उघडलं, माझा पासपोर्ट घेतला, किल्ली डब्यावर ठेवली आणि सरळ पाठ फिरवून चालू लागले. वाटलं, आता आभाळ कोसळणार. मागून एवढंच ऐकू आलं की दार लावून घे, वारा येतो.

नाही लावलं.

गुरुवारी सकाळी पोचते. चष्मा पुसून ठेव. बाकी लोभ समोर बसून.

तुझी ठमी